म्हातारपणाची काठी: कोणती घ्यावी आणि कोणती दुकानातच ठेवावी

सर्जिकल सामानाच्या दुकानात काठ्या बहुधा एका कोपऱ्यात असतात, छत्र्या बादलीत उभ्या कराव्यात तशा. गिऱ्हाईक म्हणून म्हातारं माणूस स्वतः क्वचितच येतं. येतो तो मुलगा, नाहीतर सून. 'आईसाठी काठी द्या' म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ती काढतो, खटका दाबून एकदा लांब-आखूड करून दाखवतो आणि पाच मिनिटांत व्यवहार आटोपतो. चपला घेताना आपण पाय घालून बघतो, चार पावलं चालून बघतो. काठी मात्र जिच्या हातात ती जायची, तिने न धरताच घरी येते आणि दाराच्या मागे टांगली जाते. मग पुढे सहा महिने 'आणून दिली तरी आई वापरतच नाही' ही तक्रार.

बहुतेक वेळा आईचं काही चुकत नसतं. काठी उंच असते.

उंची मोजायची रीत साधी आहे. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात बाजूला सैल सोडायचे. मनगटावर, तळहात सुरू होतो तिथे जी आडवी घडी पडते, तिथे मुठीचा वरचा भाग यायला हवा. मग मूठ धरली की कोपर किंचित वाकतं, १५ ते २० अंश, आणि हे वाकणं हवंच. काठीवर भार टाकायचा म्हणजे कोपर सरळ करत खाली दाबायचं. कोपर आधीच ताठ असेल तर दाबायला जागा उरत नाही. काठी उंच झाली तर खांदा कानाकडे चढतो, भार काठीवर पडतच नाही आणि आठवड्याभरात मान दुखायला लागते. आखूड झाली तर माणूस त्या बाजूला कलतो आणि पाठीतून वाकतो. नळीवर उंची बदलायला भोकं असतात, त्यातल्या एका भोकाचा फरक साधारण एक इंचाचा, पण तेवढ्याने चालणं बदलतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. पाच फुटांच्या आतल्या बाईला साधारण २७ ते २८ इंचांची काठी लागते. दुकानातल्या बऱ्याच ॲल्युमिनियमच्या काठ्यांचं सगळ्यात खालचं भोकच २८-२९ इंचांवर असतं. म्हणजे सगळ्यात बुटकी करूनही ती आजीला उंचच. घेण्याआधी घरी टेपने मनगटाची उंची मोजून न्या आणि दुकानात काठी सगळ्यात आखूड करून मापून बघा. बसत नसेल तर लहान मापाची मागा. तीही नसेल तर खालची नळी करवतीने कापून घेता येते. कापल्यावर कड कानशीने घासायची, नाहीतर ती धार नव्या रबराला आतून कापते.

आता एकेक वस्तू बघू.

एका पायाची, लांब-आखूड होणारी ॲल्युमिनियमची काठी. वजन ३००-४०० ग्रॅम, किंमत साधारण ३०० ते ८०० रुपये. गुडघा दुखतो, खुबा दुखतो, चालताना थोडं तोल गेल्यासारखं वाटतं, अशा बहुसंख्य लोकांसाठी हीच योग्य. घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. खटका भोकातून पूर्ण बाहेर आला पाहिजे, अर्धवट अडकता कामा नये. खटक्याजवळ जी प्लॅस्टिकची चकती फिरवून आवळायची असते, ती असलेलीच घ्या, कारण तिच्याशिवाय प्रत्येक पावलाला नळीत नळी वाजते. तो खडखडाट ऐकून लोक काठी टाकून देतात, आणि सरळ तसं सांगतही नाहीत. तिसरी गोष्ट मूठ. छत्रीसारखी वळलेली मूठ मनगटावर अडकवायला सोयीची, पण भार नळीच्या रेषेत येत नाही आणि बोटं गोलाईवरून घसरतात. बोटांचे सांधे दुखत असतील तर रुंद, सपाट, टी आकाराची मूठच घ्यावी. तळहाताच्या आकारात घडवलेल्या मुठी छान बसतात, मात्र त्या डाव्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्या असतात. दुकानदाराने चुकीची दिली तर ती टोचते, आणि लोकांना वाटतं काठीच वाईट. फोमची मूठ पुण्यात ठीक, कोकणात नको. घामाने आणि दमटपणाने ती पावसाळ्यात चिकट होते आणि मग तिचे तुकडे निघतात.

घडी होणारी काठी पिशवीत मावते, एसटीत आणि रिक्षात सोयीची. तिच्या आतून रबरी दोरी असते आणि तीच तिचं दुखणं. वर्ष-दोन वर्षांत दोरी सैल पडते, सांधे नीट बसत नाहीत. अधूनमधून वापरायला हरकत नाही, रोजच्या चालण्याला घेऊ नये.

वेताची किंवा सागवानी काठी जुन्या वळणाच्या माणसांना आवडते आणि ती वाईटही नाही. वेत चिवट असतो, हातात ऊबदार लागतो. फक्त तिची उंची एकदाच ठरते. खालून मापाने कापून घ्यायची आणि टोकाला रबर बसवायचंच. लोखंडी टोपणाची काठी शेताच्या बांधावर चालते, घरातल्या गुळगुळीत फरशीवर ती पाडते.

काठी कोणत्या हातात धरायची, यावर निम्मी मंडळी चुकतात. दुखरा पाय उजवा तर काठी डाव्या हातात. हे उलटं वाटतं, कारण दुखऱ्या बाजूला टेका द्यावा असं मनात येतं. पण चालताना आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी त्या बाजूच्या खुब्याजवळचा स्नायू सगळं धड ओढून तोलत असतो आणि त्या ओढीमुळे सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दाब येतो. विरुद्ध हातातल्या काठीवर थोडासा जरी भार गेला तरी त्या स्नायूचं काम बरंच हलकं होतं. काठी दुखऱ्याच बाजूला धरली की माणूस तिच्यावर झुकतो, लंगडणं वाढतं. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, चांगला मागून. दुसरा हात कठड्यावर. कठडा काठीच्याच बाजूला असेल तर काठी दुसऱ्या हातात घ्यावी, कठडा सोडू नये.

चार पायांची काठी. दुकानात तिला सर्रास ट्रायपॉड म्हणतात, पाय तीन असोत की चार. 'हिला चार पाय, म्हणजे आधार जास्त' हे दुकानदाराचं वाक्य ऐकून लोक ५०० ते १२०० रुपये मोजतात. आधार जास्त मिळतो हे खरं, पण चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकले तर. हळू, मोजून पावलं टाकणाऱ्याला ते जमतं. पक्षाघातानंतर एकच हात चालतो अशा माणसाला तर ही उत्तमच. ती स्वतः उभी राहते, त्यामुळे हात मोकळा करून दाराची कडी काढता येते. बाकीच्यांची चाल हिच्यापेक्षा वेगवान असते. मग मागचे दोन पाय आधी टेकतात, पुढचे नंतर, काठी झोक्यासारखी डुलते आणि वेळेला माणसालाच ढकलते. फुटपाथच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर किंवा अंगणाच्या उतारावर तर चार पाय कधीच एकदम टेकत नाहीत. मोठ्या तळाची काठी जुन्या इमारतीच्या अरुंद पायरीवर मावत नाही, आडवी धरावी लागते. तरीही घ्यायचीच असेल तर लहान तळाची घ्या. तळाची सरळ बाजू शरीराकडे आणि पसरलेले पाय बाहेरच्या बाजूला, हे बघा. उलटं बसवलं तर स्वतःचाच पाय त्यात अडकतो. हात बदलायचा असेल तर खटका दाबून तळ फिरवता येतो, पण ते बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

वॉकरबद्दल आधी घराचं माप. घडीचा साधा वॉकर २० ते २४ इंच रुंद असतो. जुन्या चाळीत, जुन्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराचं दार दोन फुटी, आणि चौकट वजा जाता मोकळी जागा २१-२२ इंचच उरते. वॉकर हॉलमध्ये दिमाखात फिरतो आणि संडासाच्या दारात अडतो. म्हणजे जिथे पडायची भीती सगळ्यात जास्त, तिथेच माणूस तो बाहेर ठेवून भिंत धरून आत जातो. टेप लावा, मगच पैसे द्या. दार अरुंदच असेल तर वॉकर दारापर्यंत आणि दारापासून आत भिंतीला पक्के दांडे, अशी जोडणी करावी लागते. उंबरठ्यावर वॉकर आधी पलीकडे उचलून ठेवायचा, चारही पाय टेकले की मग पाऊल.

वॉकर उघडल्यावर दोन्ही बाजूंचा 'टक' आवाज ऐकू आला पाहिजे. काही वॉकरमध्ये एक जास्तीची सोय असते, एकेक बाजू आलटून पालटून पुढे सरकवायची. ज्यांना उचलायला जड जातं त्यांना ती उपयोगी, पण तिचं कुलूप चुकून उघडं राहिलं की सगळा सांगाडा लडबडतो आणि घरच्यांना वाटतं वॉकर बिघडला. पुढे दोन चाकं असलेला वॉकर घरातल्या सपाट फरशीवर बरा, कारण सतत उचलावा लागत नाही. पार्किन्सन्सच्या माणसाला मात्र चाकं घ्यायची की नाही हे फिजिओथेरपिस्टने चालवून बघूनच ठरवावं. पाय थबकतात आणि वॉकर पुढे पळतो.

सगळ्यात मोठी चूक खुर्चीतून उठताना होते. वॉकर दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढलं की तो हलका सांगाडा सरळ अंगावर येतो. हात खुर्चीच्या हातांवर, खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, नाक पायांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं आणि खुर्ची खाली ढकलत उभं राहायचं. उभं राहिल्यावर वॉकर धरायचा. चालताना पाऊल वॉकरच्या मध्यावर पडावं. पुढच्या आडव्या दांड्याला पाय टेकत असेल तर माणूस फार आत शिरलाय. आणि पुढच्या दांड्याला भाजीची पिशवी लटकवू नये, वॉकर पुढे कलंडतो.

टॉर्च, भोंगा, रेडिओ बसवलेल्या काठ्या ऑनलाइन फार दिसतात. वजन सगळं मुठीपाशी, बॅटरीचं झाकण चार महिन्यांत सैल, आणि अंधारात टॉर्चचा झोत जातो तो पावलापुढे नव्हे, भलतीकडेच. रात्री संडासाच्या वाटेवर साठ-सत्तर रुपयांचा भिंतीत खोचायचा लहान दिवा लावला तर काम जास्त होतं. उघडून बसायला होणारी तिपाई-काठी फक्त बऱ्यापैकी धडधाकट माणसाने, देवळाच्या रांगेसाठी म्हणून घ्यावी. ती बसायला बुटकी असते आणि तिच्यावरून उठायला मांड्यांत जोर लागतो. तो जोर असता तर तिची गरज कशाला पडली असती!

काठीच्या बरोबरीने ज्यावर पैसे घालावेत ते न्हाणीघरातले दांडे. ३०४ दर्जाच्या स्टीलचे, हाताच्या मुठीत नीट येतील असे, साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचे, भिंतीपासून दीड इंच सुटे. कमोडच्या बाजूला एक, आंघोळीच्या जागी एक, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. वापरणाऱ्याला प्रत्यक्ष बसवून, उठायला लावून खूण करून घेतली तर उत्तमच. विटेच्या भिंतीत लांब अँकर बोल्ट हवेत. फक्त टाइल आणि प्लास्टरमध्ये घुसवलेला स्क्रू पहिल्या खऱ्या झटक्याला टाइलसकट बाहेर येतो. हलक्या ब्लॉकच्या भिंती असतील तर त्यांचे बोल्ट वेगळे असतात, हे प्लंबरला आधी विचारा. टाइलला चिकटणारे, पोकळीच्या दाबाने धरणारे दांडे अजिबात घेऊ नयेत. ते सुटण्याआधी काही इशारा देत नाहीत. टॉवेल टांगायचा दांडा हा आधार नव्हे, हे घरातल्या पाहुण्यांनाही सांगून ठेवावं.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची चौपायी कमोड खुर्ची मिळते. पाय उंच-कमी करता येतात. चारही पाय एकाच भोकावर आहेत ना हे मोजून बघा, नाहीतर ती तिरकी बसते. आणि फरशीवरचं तेल. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान म्हणजे तेल, उटणं आणि ओली टाइल तिन्ही एकत्र. त्या दिवशी तेल खोलीतच लावून, पुसून, मग आत न्यावं, आणि आंघोळ स्टुलावर बसूनच.

पण काठी हवी तरी कधी? घरात एक साधी चाचणी करता येते. १७-१८ इंच उंचीची हातांची खुर्ची, समोर तीन मीटरवर खडूची रेघ. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. त्याआधीची खूण घरात रोज दिसते: ओट्याची कड, मग फ्रिज, मग दाराची चौकट, असा हात लावत लावत माणूस स्वयंपाकघर ओलांडतं. त्याला विचारलं तर 'मी व्यवस्थित चालते' असंच उत्तर येतं. फिजिओथेरपिस्टच्या दोन भेटी इथे काठीच्या किमतीपेक्षा जास्त कामाच्या. डॉक्टरांना गोळ्यांची यादीही दाखवा. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी उठताच चक्कर येत असेल तर काठी त्याला काही करू शकत नाही.

काठी पायांचं काम हलकं करते, पायांना ताकद देत नाही. ती ताकद खुर्चीतून उठबस करून येते. दिवसातून दोनदा, हात न लावता जमेल तितकं, नाहीतर हात लावून, आठ-दहा वेळा उठबस. ओटा धरून टाचा वर उचलणं दहा वेळा. ओटा धरूनच एका पायावर दहा सेकंद. एकदा पडलेली माणसं भीतीने चालणं कमी करतात, मग मांड्या रोडावतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. काठीची खरी किंमत त्या भीतीच्या दिवसांत वसूल होते, जर ती मापाची असेल तर.

पडल्यावर उठायचं कसं, हे दुकानात कोणी शिकवत नाही, पण काठीबरोबर तेही यायला हवं. लगेच ओढून उभं करू नये. खुबा खूप दुखत असेल, पाय आखूड झालेला किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार असेल तर हलवायचं नाही, १०८ ला फोन. तसं काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर टेकून हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, ज्यात जोर जास्त तो पाय पुढे रोवायचा, दाबत वर यायचं आणि वळून बसायचं. मदतनीसाने दुसरी खुर्ची मागे आणून लावावी, काखेत हात घालून उचलू नये. हे पडण्याआधी, गादीवर एकदा करून पाहावं. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर फिजिओथेरपिस्टकडून त्यातला बदल शिकून घ्यावा.

पैशांचं म्हणाल तर दोन सरकारी वाटा आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. त्यात शिबिरात तपासणी करून काठी, वॉकर, श्रवणयंत्र, व्हीलचेअर अशा वस्तू ६० वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना मोफत देतात. वस्तू कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीच्या. त्या दणकट असतात. शिबिराच्या गर्दीत माप मात्र घाईत घेतलं जातं. घरी आणल्यावर मनगटाशी पुन्हा लावून बघा. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात. त्या ३,००० मध्ये एक पायाची चांगली काठी, दोन जादा रबरं, न्हाणीघराला दोन दांडे आणि ते बसवायची मजुरी साधारण निघते. सगळे पैसे एका महागड्या वॉकरवर घालण्यापेक्षा हे बरं. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, पण गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी. काठी आधी वर बरोबरच्या माणसाकडे द्यावी, दोन्ही हातांनी दांडा धरावा, चांगला पाय वर.

राहिलं रबर. काठीचा जमिनीला टेकणारा भाग तेवढाच, आणि तोच कोणी बघत नाही. दर महिन्याला, पेन्शन काढायला निघण्याआधी, काठी उलटी करून तळ बघावा. गोल खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील, एकच बाजू घासली असेल किंवा कडेला चिरा दिसत असतील तर बदलायचं. रबर न झिजताही जुनं होऊन कडक पडतं. नखाने दाबलं आणि दबलं नाही तर ते ओल्या फरशीवर साबणासारखं सरकणार. ३०-६० रुपयांना मिळतं, पण माप तीन-चार असतात, १६, १९, २२ मिलिमीटर वगैरे, म्हणून जुनं काढून दुकानात न्यावं. आतल्या तळाशी धातूची चकती असलेलं घ्या, नाहीतर नळीची कड रबर फाडून खाली येते. घट्ट बसत नसेल तर रबर दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवून, पुसून, पिळत चढवावं. तेल लावू नये. तेल लावून चढवलेलं रबर तेवढ्याच सहज निसटतं.